एका बिस्किटात आठ

“रोज आठ दी. नऊ दिलंस तरी चलात, पण सात नको.”

मी पावाच्या रांगेत तिसरी होते. इब्रामचाचा काउंटरपलीकडे पुडा बांधत होते. सगळ्यांत पुढे तोंडवलीहून आलेली एक बाई पर्स छातीशी धरून त्यांचं बोलणं ऐकत होती. तिची आई दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन होऊन घरी आली होती, हे तिनं आल्या आल्या सांगितलं होतं.

“तिका भात जायना,” ती म्हणाली. “पेज दिली तर तोंड फिरवता.”

“फिरवंदे. जबरदस्ती करू नको. ही आठ बिस्किटां चायवांगडा पोटात गेली की दिवसाचा काम झाला. चौसष्ट ग्रॅम प्रोटीन. डॉक्टर तरी साठच सांगतत.”

मी रस्त्याकडे बघायला लागले. चाचांनी हा आकडा उच्चारला की मी नेहमीच दुसरीकडे बघत असे. पंधरा वर्षांत मी त्या दारातून दिसणारा रस्ता बराच पाठ केला आहे.

आचऱ्याच्या तिठ्यावरून बंदराकडे जाताना डाव्या हाताला ही बेकरी लागते. दुकानावर पाटी नाही. उंच, सडपातळ अंगावर पिठाळलेला बनियन, चौकड्यांची लुंगी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, असे चाचा तिथं कायम उभे असायचे. मागे लाकडाची भट्टी होती. सकाळी पाव निघायचे आणि दुपारी, भट्टी जरा निवली की, बिस्किटं. पापुद्र्यांची खारी सगळीकडे मिळते, ती ही नव्हे. ही चपटी, चौकोनी, भोकं पाडलेली, मिठाची आणि जिऱ्याची. शाळेत आम्ही त्यांना क्रॅकर म्हटलं असतं. चाचा नुसतं ‘कडक’ म्हणायचे.

भोकं पाडायला त्यांच्याकडे एक ठोकळा होता. जुन्या होडीची फळी कापून तिच्यात सोळा खिळे ठोकलेले. भोकं पडली नाहीत तर बिस्किट फुगतं आणि फुगलेलं बिस्किट होडीवर टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खोल पाण्यात जाणारे लोक डबेच्या डबे घेऊन जायचे. त्यांच्यातला बाबल्या नावाचा एकजण दर वेळी तोच प्रश्न विचारायचा.

“चाचा, ह्या भोकांचे पण पैसे लावतास काय?”

“भोकां फुकट. बिस्किट तेवढा इकत घे.”

बिस्किट झालं की नाही हे ते रंगावरून ठरवत नसत. भट्टीतून एक काढायचे, कानाजवळ न्यायचे, नखानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. “डोळ्यांका फसवूक येता. कानाक नाय.” मग तो पूर्ण पत्रा बाहेर काढायचा की आत ढकलायचा हे ठरायचं. ही टिचकीची सवय सगळीकडे चालायची. नारळाला टिचकी, मडक्याला टिचकी, पावाला आलेल्या पोरांच्या डोक्याला टिचकी. त्यांची बायको हलीमाचाची मैद्याच्या पोत्यावर बसून पीठ कापायची. ती म्हणायची, “माका ताप इलो तरी आधी टिचकी मारून बघतले.”

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना मोकळ्या हातानं जात नाहीत. शहाळं नेतात, नाहीतर बेकरीचा पुडा. आचऱ्यात पुडा म्हणजे चाचांचाच. आजाऱ्यासाठी आहे असं सांगितलं की ते आधीच भरून ठेवलेल्यातला देत नसत. सगळ्यांत ताजी बिस्किटं घ्यायचे, प्रत्येकाला टिचकी मारायचे, मऊ असेल ते बाजूला टाकायचे. कोण आजारी आहे, काय झालं आहे, भूक कशी आहे, सगळं विचारायचे. वाढदिवसाचा केक मागायला आलेल्या माणसाशी ते धड बोलायचेही नाहीत. आजाऱ्याच्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलायचे आणि मागे रांग खोळंबायची.

कंपन्यांच्या बिस्किटांवर त्यांचा राग होता. सरळ राग नव्हे, चुरस म्हणावी तसा. नवीन पुडा बाजारात आला की ते स्वतः विकत आणायचे, एक खायचे, टिचकी मारायचे आणि मग पुडा उलटा करायचे. “तोंड सगळ्यांचाच बरा आसता. पाठ बघूची.” पण पाठीवर इंग्रजी. चाचांना मराठी वाचता यायचं, उर्दू यायचं, इंग्रजी यायचं नाही.

तिथं माझा संबंध आला. मी मालवणच्या इंग्लिश मिडियम शाळेत जायचे. घरी आई-बाबा माझ्याशी मुद्दाम शाळेतली मराठी बोलत, त्यामुळे मालवणी मला कळायची पण तोंडातून निघायची नाही. चुकीची निघेल आणि कोणी हसेल, म्हणून मी एकंदरच कमी बोलायचे. मान हलवून बरंच भागतं. चाचांनी माझं नाव ‘इंग्लिश’ ठेवलं होतं. मी पावाची पिशवी घेऊन दारात दिसले की ते चाचीला सांगायचे, “आमचा इंग्लिश इला.”

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी एक पुडा माझ्यासमोर धरला.

“वाच गो इंग्लिश. पाठीवर काय लिवलेला आसा?”

मी वाचलं. एनर्जी अमुक, फॅट तमुक, प्रोटीन आठ ग्रॅम. प्रोटीन म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातून येणारे लोक तो शब्द घेऊन यायचे. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्या बोटाखालचा आकडा स्वतः पाहिला. आकडा त्यांना वाचता येत होता.

“आठ,” ते म्हणाले. “एका बिस्किटात?”

आकड्यांच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती. पर हंड्रेड ग्रॅम्स. ती मी वाचली होती, मनात. ती मोठ्यानं का वाचली नाही ते मला सांगता येत नाही. तिचा अर्थ मला नीट लागला नव्हता आणि चाचा इतके आशेनं माझ्याकडे बघत होते, की नाही म्हणायला मला एक पूर्ण वाक्य बोलावं लागलं असतं. मी मान हलवली.

“हलीमा, ऐकलंस? एका बिस्किटात आठ. आणि त्यांचा बिस्किट बघ, कागदासारख्या पातळ. आमच्यात आठच्या वरच आसतला.”

त्यांनी खडू घेतला आणि भट्टीकडे जाणाऱ्या दारावर लिहिलं, १ = ८. मला त्या दिवशी दोन बिस्किटं फुकट मिळाली. पुढच्या वर्षी दाराला रंग दिला तेव्हा तो आकडा त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं पक्का करून घेतला.

तेव्हापासून आजाऱ्याच्या पुड्याबरोबर आकडा जायला लागला. बाळंतिणीला चार, पोरांना दोन, तापातून उठलेल्याला सहा. लोक ऐकायचे, कारण ते काळजीनं सांगायचे आणि आकडा सांगणाऱ्याचं म्हणणं कोणी सहसा तपासत नाही.

सातवीत शेकडेवारी शिकवली तेव्हा ती बारीक ओळ मला आठवली. वर्गात बसल्या बसल्या माझे कान तापले. घरी येऊन मी चाचांचं एक बिस्किट आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. सात ग्रॅम. शंभर ग्रॅम व्हायला चौदा-पंधरा बिस्किटं लागतात. म्हणजे आठ ग्रॅम त्या चौदा-पंधरांत मिळून. एकात अर्धा, फार तर थोडा वर. आणि हा झाला कंपनीच्या पुड्यावरचा आकडा. चाचांच्या बिस्किटात मैदा, वनस्पती तूप, मीठ आणि जिरं यापलीकडे काही नव्हतं. बिस्किट वाईट नव्हतं. त्यानं पोटाला आधार मिळतो, मळमळ असली तर कोरडं आणि खारट खाल्लेलं टिकतं, होडीवर पंधरा दिवस राहतं. पण एक उकडलेलं अंडं त्यांच्या आठ बिस्किटांहून जास्त प्रोटीन देतं. दारात येणाऱ्या कोळणीच्या पाटीतला सगळ्यांत स्वस्त पेडवासुद्धा देतो.

मी तो हिशोब वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि वही बंद केली. दुसऱ्या दिवशी पावाला गेले, तर चाचा बाबल्याला सांगत होते, “आमच्या इंग्लिशान वाचलेला आसा.” मी पाव घेऊन आले.

मी दहावीत असताना सांगायची एक संधी फार सोपी होऊन आली. तोंडवलीच्या किनाऱ्यावर उतरलेले पर्यटक पावाला यायचे. एका सकाळी मुंबईचा एक दंडवाला मुलगा बिनबाह्यांचा टीशर्ट घालून आला. चाचांना त्याचे दंड आवडले असावेत. त्यांनी त्याला शुद्ध मराठीत बिस्किटाचं महत्त्व सांगितलं आणि दारावरचा आकडा दाखवला.

मुलगा हसला, पण चांगलं हसला. “काका, आठ ग्रॅम शंभर ग्रॅममागे असेल. एका बिस्किटात नाही होत एवढं.”

“शंभर?” चाचा चाचीकडे वळले. “शंभर बिस्किटां एकदम कोण खाता गो?”

“तुम्ही खाल,” चाची पीठ कापता कापता म्हणाली.

“नाही काका, शंभर ग्रॅम म्हणजे वजन.”

“हे बघा, आमच्या मुलीनं इंग्लिशमधून वाचलंय. ती उभी आहे, विचारा तिला.”

मुलगा माझ्याकडे वळला. चाचा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांना उत्तराची गरज वाटत नव्हती, ते पाव मोजत होते. मी रस्त्याकडे पाहिलं. समोरून एस्टी गेली. मुलानं खांदे उडवले, पाव घेतले, आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून दोन पुडे बिस्किटंही घेतली. तो गेल्यावर चाचा म्हणाले, “दंड आसत, पण वाचूक येणा नाय.”

हे मी बरीच वर्षं विनोद म्हणून लक्षात ठेवलं होतं.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला चाचीच्या पोटात दुखायला लागलं. आतड्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा तोच होता, पण खाली अंगात काही उरलं नव्हतं. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुढचं औषध जोराचं आहे, वजन चाळीसच्या वर आल्याशिवाय ते सुरू करता येणार नाही. तेव्हा चाची एकोणचाळीस होती. एकच किलो तर हवा होता.

मी तोवर शिकून परत आले होते आणि तोंडवलीच्या एका रिसॉर्टमध्ये बुकिंगचं काम बघत होते. ते ईमेलवर चालतं, बोलावं लागत नाही. संध्याकाळी परत येताना चाचांनी मला थांबवलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“वाच गो.”

डॉक्टरीणबाईंचं अक्षर चांगलं होतं. औषधांची नावं होती आणि शेवटी आहाराची एक ओळ. मी वाचलं, “प्रोटीन, रोज साठ ग्रॅम.”

“साठ?”

मी मान हलवली. या वेळी ती खरी होती.

चाचा बोटांवर मोजायला लागले. पिठानं पांढऱ्या झालेल्या पेरांवर अंगठा फिरत गेला आणि थांबला. मग ते हसले. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“आठी आठी चौसष्ट. साठाच्या वर चार. घरचाच औषध आसा, आणि मी खंय खंय फिरतंय.”

कागद माझ्या हातात होता. मी त्याची पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली आणि त्यांना परत दिला.

चाचीला माशाच्या वासानं उलटी व्हायची. अंडं तिनं दोनदा प्रयत्न करून सोडलं. बिस्किट मात्र चहात बुडवून जरा जरा जायचं. हे सगळं खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं, तर त्याही म्हणाल्या असत्या की जे जातंय ते द्या. पण जे जातंय ते देणं आणि ते पुरलं असं समजणं यांत फरक होता, आणि तो फरक आचऱ्यात फक्त मला माहीत होता. माझी आई रोज दुपारी कुळथाची पिठी करून न्यायची. पहिल्या आठवड्यात चाचा स्वतः चमचा घेऊन चाचीच्या मागे लागायचे. आकडा जमल्यावर त्यांनी तो नाद सोडला.

“दोन चमचे तरी घे गो भाभी,” आई म्हणायची.

“राहूंदे, वयनी,” चाचा मधेच म्हणायचे. “तिचे चौसष्ट झालेले आसत. आता उगाच कित्याक त्रास देवचो?”

पिठीची वाटी तशीच परत यायची. वर साय धरल्यासारखा थर आलेला असायचा. आई ती बाबांच्या भातावर वाढायची.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते चाचीचं वजन करायचे. बेकरीत पोती तोलायचा मोठा काटा होता, खाली फळी आणि वर सरकवायचं वजन. त्यावर पोतं झाडून ते स्वच्छ फडकं घालायचे आणि चाचीचा हात धरून तिला वर उभी करायचे. पावाला आलेली माणसं बाहेर थांबायची. मी पिशवी घेऊन थांबायचे.

पहिल्या शुक्रवारी एकोणचाळीस. दुसऱ्या शुक्रवारी अडतीस आणि वर थोडं. तिसऱ्या शुक्रवारी चाचांनी वजन सरकवलं, मागे घेतलं, पुन्हा सरकवलं. दांडा आडवा व्हायला तयार नव्हता. तो सदतीसवर आडवा झाला.

“काट्यात खोट आसा,” चाचा म्हणाले.

त्यांनी चाचीला खाली उतरवून पोत्यावर बसवलं. मग कोपऱ्यातली वीस किलोची लोखंडी वजनं एक एक करून आणली आणि फळीवर ठेवली. दोन वजनं, चाळीस किलो. दांडा चाळीसवर अगदी आडवा राहिला, जरासुद्धा हलला नाही. चाचांनी दांड्याच्या टोकाला नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. बाहेर बाबल्या होता. तो पाव न घेताच गेला.

“उद्यापासून नऊ,” चाचा शेवटी म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी मी ठरवून गेले. वहीतला तो हिशोब एका कागदावर नीट उतरवला होता, मराठीत, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं. कागद द्यायचा आणि निघायचं. चाचा भट्टीवर होते, म्हणून मी मागच्या दारानं घरात गेले. चाची उशीला टेकून बसली होती आणि समोर बशीत नऊ बिस्किटं एकावर एक न ठेवता, ओळीनं मांडलेली होती. तीन-तीनच्या तीन ओळी. चहावर साय आली होती.

ती मला बघून हसली, दाराकडे एकदा पाहिलं आणि बशीतली चार उचलून माझ्या हातात दिली.

“खा तू.”

मी बिस्किटांकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“माका खाऊक होना नाय गो,” ती हळू म्हणाली. “पण बशी रिकामी बघली की तेंका झोप लागता. चार-पाच मी घेतंय, रवलेली कोण ना कोण खाता. काल तुझ्या आईन खाल्ल्यान. तू सांगू नको हां.”

मी मान हलवली. कागद माझ्या दुसऱ्या हातात होता. मी तिथं उभी राहून ती चारही बिस्किटं खाल्ली. ती ताजी होती, जिरं थोडं जास्त पडलं होतं. तोंड कोरडं पडलं तेव्हा चाचीनं तिच्या तांब्यातलं पाणी मला दिलं. चाचा आत आले, बशी पाहिली आणि खूश झाले. “इंग्लिश इला की हिका भूक लागता,” ते म्हणाले. “रोज येत जा.”

मी रोज गेले. दोन आठवडे मी रोज चाचीची बिस्किटं खाल्ली.

गणपतीच्या आधी आठवडाभर चाची गेली. पुढचं औषध सुरूच झालं नाही. त्या औषधानं ती बरी झाली असती असं डॉक्टरीणबाईंनीही कधी म्हटलं नव्हतं. आई मला हे पुष्कळदा सांगते. पिठीनं काही झालं असतं असं नाही, अंड्यानं काही झालं असतं असंही नाही. मला ते पटतं. मग मला त्या वाट्या आठवतात.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चाचा एकच सांगायचे. पडवीत चटई टाकलेली, ते भिंतीला टेकून बसलेले, हात पहिल्यांदाच पिठाशिवाय. नवीन माणूस येऊन बसला की ते तिथपासून सुरू करायचे.

“माझ्याकडसून कमी पडला नाय. डॉक्टर साठ म्हणाले, मी चौसष्ट दिलंय. मागीर बहात्तर दिलंय. एक दिवस चुकवलंय नाय.”

लोक मान हलवायचे. कोणीतरी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचं. बाबल्या रोज यायचा आणि रोज हे ऐकायचा. एकदा म्हणाला, “तुमच्याएवढा कोण करतलो, चाचा?” त्यावर ते थोडे सैल झाल्यासारखे वाटले. त्यांना झोपायला जायला तेवढंच एक वाक्य पुरत होतं.

मी कोपऱ्यात बायकांच्यात बसलेली असायचे. तेव्हा मी मनात पक्कं केलं की हे आता कधीच सांगायचं नाही. जिवंत माणसासाठी सांगितलं नाही, ते गेलेल्या माणसासाठी सांगून काय करायचं? तो आकडा दारावर राहू दे, चाचांच्या तोंडात राहू दे. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

चाळीस दिवस झाल्यावर भट्टी पुन्हा पेटली. आधी पाव, मग महिन्याभरानं बिस्किटं. चाचा टिचकी मारायचे, पण ऐकताना डोळे मिटत नसत. आजाऱ्याच्या पुड्याला मात्र आधीपेक्षाही जास्त वेळ लावायचे. आता त्यांच्या सांगण्यात चाचीही असायची. आमच्या हलीमाक मी असा दिलंय, तसा दिलंय. ती गेली ती आजारानं गेली, उपाशी गेली नाही.

आता चाचा रेडीला मुलीकडे असतात. बेकरी पुतण्या चालवतो. तो फक्त पाव करतो, बिस्किटं करत नाही. खिळ्यांचा ठोकळा काउंटरखाली पडला आहे आणि दाराला नवा हिरवा रंग दिला आहे. चाचा जाताना सगळ्यांना भेटून गेले, आमच्या घरी आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी, तोंडवलीची बाई पुढे उभी होती तेव्हा.

पुडा बांधून होत आला होता. दोऱ्याचं एक टोक चाचांनी दातात धरलं होतं. बाई अजून घुटमळत होती.

“पिठी नायतर अंडा देव काय, चाचा? शेजारची बाय म्हणा होती.”

त्यांनी दोरा दातातून काढला. “कित्याक? तिचा पोट आधीच बिघडलेला. जाता ता दी, बाकीचा सगळा बंद कर. आठ गेली की पुरे. मी माझ्या बायलेक दुसरा काय्येक दिलंय नाय.”

बाईला बरं वाटलेलं दिसलं. तिचे खांदे खाली आले. रोज पेज घेऊन आईच्या मागे लागण्यातून ती सुटली होती. मी ते खांदे ओळखले. चौसष्ट जमले त्या संध्याकाळी चाचांचेही असेच खाली आले होते. तिनं पुड्यासाठी हात पुढे केला, आणि तरी एकदा विचारलं, “खरांच एवढा आसता ह्येच्यात?”

चाचांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं आणि मी त्यांना दिसले. चेहरा उजळला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुडा एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हातानं मला पुढे बोलावलं. माझ्या पुढची बाई बाजूला झाली. मी काउंटरपाशी गेले. त्यांच्या मागे दारावर तो पांढरा आकडा होता आणि त्याच्या खाली पोती तोलायचा काटा, फळीवर अजून तेच फडकं.

“हिका इचार,” ते म्हणाले. “ह्या आमचा इंग्लिश. एवढासा होता तेव्हा हेणाच वाचून दाखवलेला. सांग गो, एका बिस्किटात किती?”

मान हलवून भागणारा हा प्रश्न नव्हता. ते नऊ वर्षांच्या मुलीकडे बघावं तसे माझ्याकडे बघत होते, हसत, भुवया वर करून. घरी मी कधी मालवणी बोलले नव्हते, त्यांच्याशी तर नाहीच. ती कुठून आली मला माहीत नाही.

“अर्धो ग्रॅम, चाचानू,” मी म्हटलं. “आठ नाय. आठ शंभर ग्रॅमात आसतत. माका खूप आधीपासून ठावक होता.”